थकवा, तपश्चर्या आणि थायरॉईड

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात झालेल्या आरोग्यविषयक भाषणाचा मजकूर)



देवळाली कॅम्पचे नाव हवापालटाशी जोडले गेले त्याला आता कित्येक पिढ्या झाल्या. इंग्रजी अमदानीत लष्कराची छावणी म्हणून वसलेल्या या गावाची कोरडी, थंड हवा मुंबईकरांना मानवली आणि लॅम रोडच्या दोन्ही बाजूंना निरनिराळ्या समाजांची सॅनिटोरियम उभी राहिली. आजारातून उठलेला, अशक्त झालेला, मन लागत नाही असे म्हणणारा माणूस महिना-दोन महिने येथे राहून परत जाई आणि बहुतेकांना बरे वाटे. या कीर्तीत खोटे काही नाही. मात्र तिचा एक परिणाम असा झाला की, थकव्याला हवा हेच औषध, ही समजूत गावात आणि गावाबाहेरही घट्ट रुजली. काही थकवे हवेने जात नाहीत. गळ्यातील एका लहानशा ग्रंथीचे काम मंदावल्यामुळे येणारा थकवा त्यांपैकी एक होय. त्याचा शोध काही शे रुपयांच्या रक्ततपासणीने लागतो आणि त्यावरील गोळीचा रोजचा खर्च एका कप चहाहून कमी असतो. असे असूनही अनेक घरांतील स्त्रिया वर्षानुवर्षे तो थकवा स्वभाव, वय किंवा तपश्चर्येचा परिणाम समजून अंगावर काढतात. आजचा विषय हाच आहे.

या ग्रंथीला मराठीत अवटू ग्रंथी म्हणतात. परंतु थायरॉईड हाच शब्द आता घराघरांत पोहोचला असल्याने तोच वापरणे सोयीचे. गळ्याच्या पुढील बाजूस, श्वासनलिकेला बिलगून, फुलपाखराने पंख पसरावेत अशा आकाराची ही ग्रंथी असते. तिचे वजन जेमतेम पंधरा ते वीस ग्रॅम. अन्नातून मिळणाऱ्या आयोडीनपासून ती थायरॉक्सिन नावाचे संप्रेरक तयार करते. शरीरातील प्रत्येक पेशीने किती वेगाने काम करावे, हे या संप्रेरकावर अवलंबून असते. हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल, अंगाची ऊब, त्वचेचा मऊपणा, मासिक पाळी, स्मरणशक्ती, यांतील एकही गोष्ट तिच्या कक्षेबाहेर नाही. म्हणूनच या आजाराची लक्षणे एका ठिकाणी सापडत नाहीत. ती अंगभर विखुरलेली असतात आणि प्रत्येक लक्षणाला स्वतंत्र, सोयीचे कारण देता येते.

ग्रंथीवर देखरेख ठेवते मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी, म्हणजे पीयूषिका ग्रंथी. व्यापारी मंडळींना हा व्यवहार चटकन समजेल. गिरणीकडून माल कमी येऊ लागला की पेढीवरून तगाद्याची पत्रे सुटतात. माल जितका कमी, तितका तगादा अधिक. माल गरजेपेक्षा जास्त येऊ लागला तर पत्रे बंद होतात. पीयूषिकेच्या या तगाद्याचे नाव टी.एस.एच. रक्तात टी.एस.एच. वाढलेले आढळले, तर थायरॉईडचा पुरवठा कमी पडतो आहे असे समजावे. ते फार खाली गेलेले असेल, तर पुरवठा अति झाला आहे. आकडा वाढला म्हणजे ग्रंथी जोरात काम करते आहे, असा उलटा अर्थ पुष्कळ लोक घेतात, म्हणून हे थोडे विस्ताराने सांगितले. पुरवठ्यात थोडी तूट आली तरी तगादा लगेच वाढतो. त्यामुळे टी.एस.एच. ही एकच तपासणी बहुतेक वेळा पहिली पायरी म्हणून पुरेशी ठरते. ती बिघडलेली आढळल्यास टी-४ आणि गरजेनुसार प्रतिपिंडांची तपासणी करतात.

आता लक्षणांकडे वळू. ग्रंथी मंदावली की रात्रभर झोपूनही सकाळी अंग उचलवत नाही. इतरांना सोसेल एवढी थंडी सोसवत नाही. त्वचा कोरडी पडते, केस गळतात, शौचास साफ होत नाही, आवाज घोगरा होतो, चेहरा व पापण्या सुजल्यासारख्या दिसतात, नाडी मंद चालते, हातापायांना मुंग्या येतात. पाळी अनियमित होते किंवा रक्तस्राव जास्त होतो. गर्भधारणा होत नाही अथवा टिकत नाही. मन उदास राहते, नावे आठवत नाहीत. वजन वाढते, पण सामान्यतः तीन-चार किलोच. वीस किलो वाढलेल्या वजनाचा सारा दोष थायरॉईडवर ढकलणे हा त्या ग्रंथीवर अन्याय आहे. देवळालीत एक अडचण अधिक. येथे डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांच्या खाली उतरतो आणि सगळेच शाली पांघरतात. त्या गर्दीत एखादी भगिनी मार्चअखेरीसही स्वेटर उतरवत नाही, हे कोणाच्या लक्षात येत नाही. घरच्यांनी लक्षात घ्यायची खूण नेमकी तीच.

यांतील एखादे लक्षण एकटे असेल तर त्याचा अर्थ फारसा नाही. केस कोणाचे गळत नाहीत? परंतु तीन-चार लक्षणे एकत्र आली, पूर्वी नव्हती आणि सहा महिन्यांत हळूहळू वाढत गेली, तर तपासणी टाळू नये. हा आजार फार सावकाश येतो. सुनेला माहेरच्यांनी वर्षाने पाहिले की त्यांना चेहऱ्यातील बदल लगेच दिसतो. रोज पाहणाऱ्या सासरच्यांना दिसत नाही. आणि घरात एक शब्द मात्र लवकर उच्चारला जातो, तो म्हणजे ‘आळस’. पहाटे उठून पाणी उकळणारी, सूर्यास्तापूर्वी साऱ्या घराचे चौविहार उरकणारी स्त्री एकाएकी आळशी होत नसते. ती तशी झालेली दिसली, तर उपदेशाआधी रक्त तपासावे.

वयोवृद्धांच्या बाबतीत तर लक्षणे वार्धक्याच्या नावावर सहज खपून जातात. आजोबा विसरू लागले, गप्प बसू लागले, बोलणे संथ झाले, तर ते वयोमानाने असेल. पण थायरॉईडमुळेही असू शकते, आणि ते कारण उपचाराने दूर होण्यासारखे असते. रक्तातील कोलेस्टेरॉल विनाकारण वाढलेले आढळले तरी औषध सुरू करण्याआधी टी.एस.एच. पाहण्याची पद्धत आहे. मात्र सत्तरीनंतर टी.एस.एच. थोडेसे वाढलेले असणे पुष्कळदा स्वाभाविक असते. तेथे आकडा पाहून घाईने गोळी सुरू केल्यास हृदयाची धडधड आणि हाडांची झीज मागे लागते.

ग्रंथी अति काम करू लागली की चित्र बरोबर उलटे होते. भूक चांगली असून वजन घटते, छाती धडधडते, हात कापतात, घाम येतो, झोप उडते, चिडचिड वाढते. काहींचे डोळे मोठे, बाहेर आल्यासारखे दिसतात. हा प्रकार तुलनेने कमी आढळतो, पण तो थांबून राहत नाही. उतारवयात त्यामुळे हृदयाचे ठोके अनियमित होऊन पक्षाघातापर्यंत मजल जाते. यावर कार्बिमाझोलसारख्या गोळ्या देतात. त्या चालू असताना ताप येऊन घसा दुखू लागला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रक्तातील पांढऱ्या पेशी तपासून घ्याव्यात. काही रुग्णांना किरणोत्सारी आयोडीन दिले जाते. या उपचाराचे देशातील एक आद्य केंद्र महाराष्ट्रातच आहे. मुंबईत परळ येथे भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ मध्ये सुरू झाले आणि थायरॉईडचे असंख्य रुग्ण तेथून बरे होऊन गेले. अणुशक्ती म्हटली की बॉम्बच आठवणाऱ्यांनी हेही ध्यानी ठेवावे.

गळ्यातील गाठ हा आणखी एक प्रकार. आरशासमोर मान किंचित मागे करून घोटभर पाणी प्यावे. गिळताना कंठाखाली एखादा फुगवटा वर-खाली होताना दिसला, तर तो दाखवावा. अशा बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. सोनोग्राफी आणि जरूर पडल्यास सुईने घेतलेला नमुना यांवरून निदान होते, आणि कर्करोग निघाला तरी थायरॉईडच्या कर्करोगाचे बहुतेक प्रकार वेळेवर उपचार केल्यास आटोक्यात येतात.

या विषयात मिठाची गोष्ट टाळता येणार नाही, कारण जैन घरांत मिठाचा विचार इतरांपेक्षा बारकाईने होतो. आयोडीनअभावी होणारा गलगंड हा हिमालयाच्या पायथ्याचा जुना रोग. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून कांगडा खोऱ्यात एक प्रयोग केला. खोऱ्याचे तीन भाग पाडून दोन भागांत आयोडीनयुक्त आणि एका भागात साधे मीठ पुरवले गेले. काही वर्षांतच आयोडीन मिळालेल्या भागांतील मुलांचा गलगंड निम्म्याच्या आसपास उतरला. तिसऱ्या भागात तो होता तसाच राहिला. त्यातूनच १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १९९२ मध्ये त्याचे नाव राष्ट्रीय आयोडीन न्यूनता विकार नियंत्रण कार्यक्रम असे झाले. खाण्यासाठी साधे मीठ विकण्यावर देशभर १९९८ मध्ये बंदी आली, २००० मध्ये ती उठली आणि २००६ मध्ये पुन्हा लागू झाली. प्रौढ माणसाला दिवसाला अवघे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते, गर्भवतीला २५०. साऱ्या आयुष्याचे मिळून ते चहाच्या एका चमच्यात मावेल.

आयंबिलाच्या ओळीत काही जण सैंधव वापरतात, काही अलूणे आयंबिल करतात. त्याने थायरॉईडचे काही बिघडत नाही. निरोगी ग्रंथीत दोन-तीन महिने पुरेल एवढा साठा असतो. नऊ दिवसांचा प्रश्नच उद्भवत नाही. परंतु अलीकडे सैंधव अधिक शुद्ध, अधिक नैसर्गिक म्हणून काही घरांत वर्षभर तेच चालते. नैसर्गिक सैंधवात आयोडीन नाममात्र असते. शिवाय जैन घरांत मासे, अंडी वर्ज्य. म्हणजे आयोडीनचे दुसरे मोठे मार्ग बंदच. दूध-दह्यातून थोडेफार मिळते तेवढेच. तेव्हा नित्याच्या स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठ ठेवावे, डबा झाकलेला असावा आणि चुलीजवळच्या वाफेत नसावा.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. मीठ बदलले की थायरॉईड बरा होतो, असे नाही. आज महाराष्ट्रातील शहरांत ग्रंथी मंदावण्याचे मुख्य कारण आयोडीनचा अभाव हे राहिलेले नाही. शरीराची संरक्षण यंत्रणाच चुकून स्वतःच्या ग्रंथीवर हल्ला करते, हे ते कारण. जपानमधील हाशिमोटो या डॉक्टरांनी १९१२ मध्ये या विकाराचे वर्णन केले म्हणून त्याला त्यांचे नाव आहे. तो घराण्यात चालतो. आईला असेल तर मुलींनी सावध राहावे. मुंबई आणि गोव्यासह देशातील आठ शहरांत पाच हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी करून २०१३ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात १०.९५ टक्के लोकांत थायरॉईडची कमतरता आढळली. स्त्रियांमधील प्रमाण पुरुषांच्या सुमारे तिप्पट होते. तपासलेल्यांपैकी साधारण साडेतीन टक्के लोकांना आपल्याला हा विकार आहे याचा पत्ताच नव्हता. शंभर घरांच्या संघात याचा अर्थ काय होतो, हे हिशेबाची सवय असलेल्या समाजाला फोड करून सांगण्याची गरज नाही.

तपासणी कोणी करावी? लक्षणे असतील त्यांनी तर करावीच. लक्षणे नसली तरी घरात आई, मावशी, बहीण यांना थायरॉईड असणाऱ्यांनी, गर्भधारणेचा विचार असलेल्या किंवा दिवस गेलेल्या स्त्रियांनी, वारंवार गर्भपात झालेल्यांनी, प्रसूतीनंतर काही महिने फार थकवा वा उदासी जाणवणाऱ्यांनी, पहिल्या प्रकारचा मधुमेह असणाऱ्यांनी, आणि लिथियम किंवा अमिओडॅरोन ही औषधे घेणाऱ्यांनी ती करून घ्यावी. सरसकट साऱ्या निरोगी माणसांची दरवर्षी तपासणी केल्याने लाभ होतो, असे सिद्ध झालेले नाही. शिबिरांतून साठ-सत्तर तपासण्यांचे एकत्रित पॅकेज घेण्याची जी हौस दिसते, तीत पैसाही जातो आणि एखादा आकडा काठावर आला की चिंताही विकत मिळते. ट्रस्टने शिबिर घ्यायचेच, तर आधी प्रश्नावली भरून घ्यावी आणि ज्यांना गरज आहे त्यांचे टी.एस.एच. तपासावे. अहवाल समजावून सांगणारा डॉक्टर त्याच आठवड्यात बसवावा. कागद हातात देऊन पाठवणी करणारे शिबिर अर्धेच झाले.

तपासणीसाठी उपाशी राहण्याची आवश्यकता नाही. मात्र टी.एस.एच. पहाटे जास्त आणि दुपारी कमी असते, म्हणून दरवेळी साधारण एकाच वेळी रक्त द्यावे. गोळी चालू असल्यास त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यानंतर घ्यावी. केस गळतात म्हणून घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्यांमुळे काही यंत्रांवर खोटे आकडे येतात. त्या किमान दोन दिवस आधी थांबवाव्यात. आणि तपस्व्यांसाठी विशेष महत्त्वाचे: दीर्घ उपवासात शरीर काटकसरीने चालते आणि टी-३ हे संप्रेरक आपोआप कमी करते. तो आजार नव्हे. अठ्ठाई किंवा मासक्षमणाचे पारणे झाल्यावर लगेच केलेली तपासणी त्यामुळे फसवी ठरू शकते. तातडी नसेल तर आहार पूर्ववत होऊन काही आठवडे गेल्यावर ती करावी. अहवालात टी.एस.एच. दहाच्या पुढे असेल तर उपचार सहसा लागतात. चार-पाच ते दहाच्या दरम्यान असेल आणि त्रास विशेष नसेल, तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा पाहतात. अनेकदा ते आपोआप खाली आलेले असते. गर्भवतींना हा नियम लागू नाही. त्यांची मर्यादा वेगळी असते आणि थांबायला वेळ नसतो.

उपचार म्हणजे लेव्होथायरॉक्सिनची गोळी. येथे एक शंका श्रावक-श्राविकांच्या मनात हमखास येते की, हे औषध प्राण्यांपासून केलेले असते काय? शंका निराधार नव्हती. १८९१ मध्ये इंग्लंडमधील डॉ. जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून पहिली रुग्ण बरी केली आणि पुढे कित्येक दशके प्राण्यांच्या वाळवलेल्या ग्रंथीची भुकटीच औषध म्हणून दिली जाई. १९१४ मध्ये केंडॉल यांनी थायरॉक्सिन वेगळे काढले, १९२७ मध्ये हॅरिंग्टन यांनी ते प्रयोगशाळेत रसायनांपासून बनवले. आज दुकानांत मिळणारी लेव्होथायरॉक्सिनची गोळी अशा कृत्रिम संप्रेरकाची असते. गोळी बांधण्यासाठी वापरलेल्या घटकांविषयी ज्यांना अधिक जयणा पाळायची आहे, त्यांनी उत्पादकाकडे लेखी विचारणा करावी. विचारण्यात संकोच कसला?

गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी लागते आणि नंतर निदान अर्धा ते एक तास दूध, चहा, कॉफी, नाश्ता घेता येत नाही. लोह, कॅल्शियम आणि आम्लपित्ताच्या औषधांपासून तिला चार तास दूर ठेवावे. आता नवकारशी करणाऱ्याने काय करावे? सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी पच्चक्खाण पारून उकळलेल्या पाण्याबरोबर प्रथम गोळी घ्यावी आणि चहा तासाभराने घ्यावा. अडचण आहे ती इतकीच, की पच्चक्खाण पारताच समोर चहा येतो. घरातील इतरांनी तो तासभर पुढे ढकलला तर गोळी लागू पडेल. गोळी घेऊनही टी.एस.एच. उतरत नाही, अशा पुष्कळ प्रकरणांत दोष ग्रंथीचा नसून या चहाचा असतो.

एकासणे करणाऱ्यांची अडचण अधिक आहे, विशेषतः ज्यांच्या परंपरेत पाणीही त्याच बैठकीत घेतले जाते त्यांची. जेवणाबरोबर घेतलेली गोळी नीट शोषली जात नाही. अशांसाठी गोळीची वेळ नेहमी एकच ठेवून त्या मानाने मात्रा ठरवणे, हा मार्ग डॉक्टर सुचवू शकतात. चौविहार उपवासाच्या दिवशी गोळी घेतली गेली नाही, तर घाबरण्याचे कारण नाही. हे औषध शरीरात सावकाश उतरते. त्याचे प्रमाण निम्मे होण्यास सुमारे आठवडा लागतो. वर्षीतप करणाऱ्या काहींना डॉक्टर आठवड्याची एकूण मात्रा बियासण्याच्या दिवसांत वाटून देतात. हे करता येण्यासारखे आहे, पण डॉक्टरांना सांगून. हृदयविकार असलेल्यांना, गर्भवतींना आणि शस्त्रक्रियेने संपूर्ण ग्रंथी काढलेल्यांना स्वतःच्या मनाने असे करणे धोक्याचे आहे.

खरी चिंता गोळी एक दिवस चुकण्याची नाही. खरी चिंता आहे ती लपवाछपवीची. पर्युषणात अठ्ठाईचे पच्चक्खाण घेताना अनेक भगिनी गोळी चालू असल्याचे महाराजसाहेबांना सांगत नाहीत आणि तप चालू असल्याचे डॉक्टरांना सांगत नाहीत. एकीकडे अनुमोदना होईल, दुसरीकडे रागावणी होईल, म्हणून दोन्हीकडे मौन. मग चातुर्मासात बंद केलेली गोळी पारण्यानंतरही बंदच राहते, कारण मधल्या काळात विशेष काही झाले नाही असे वाटते. दीड-दोन महिन्यांनी थकवा परत येतो आणि त्याचा दोष तपाला दिला जातो. हा तपावरही अन्याय आणि देहावरही. पोरिसी वगैरे पच्चक्खाणांत आगार, म्हणजे सवलती, ठेवलेल्या आहेत आणि त्यांत समाधी टिकविण्यासाठीचा आगारही आहे. नित्याचे औषध त्यात कितपत बसते, याचा निर्णय गुरुभगवंतांनी द्यावयाचा आहे. पण तो त्यांना विचारला तरच मिळेल. उपचार न झालेल्या तीव्र आजारात, कडाक्याच्या थंडीत, दीर्घ उपवास केल्यास शरीराचे तापमान आणि नाडी इतकी खाली जाऊ शकते की जिवावर बेतते. असे क्वचित घडते. परंतु तपस्व्याचा थंडपणा आणि गुंगी ही ध्यानमग्नता समजली जाऊ नये, यासाठी घरातील एकाला तरी हे ठाऊक असावे.

वजन उतरावे म्हणून, शेजारणीला लागू पडली म्हणून ही गोळी घेणे सर्वथा अयोग्य. तसेच बरे वाटू लागले म्हणून ती सोडणेही. मात्रा बदलल्यावर किंवा गोळीची कंपनी बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टी.एस.एच. पुन्हा पाहावे, एकदा स्थिर झाले की वर्षातून एक-दोनदा पुरते. गोळी घेणाऱ्या सुनेला दिवस गेल्याची शंका आली तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नये, त्याच आठवड्यात डॉक्टरांना कळवावे. पहिले तीन महिने गर्भाची स्वतःची ग्रंथी काम करीत नाही. त्याच्या मेंदूची घडण आईच्या थायरॉक्सिनवर होते, आणि म्हणून आईची मात्रा पाव ते तीस टक्क्यांनी वाढवावी लागते.

काही बालके थायरॉईडविना किंवा अपुऱ्या ग्रंथीसह जन्मतात. जन्मतः ती निरोगी दिसतात. दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर ती इतर मुलांसारखीच वाढतात, शिकतात. काही महिने गेले तर बुद्धीचे झालेले नुकसान भरून येत नाही. मुंबईच्या बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालयात डॉ. मीना देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात हजारो नवजात अर्भकांची अशी तपासणी केली आणि साधारण अडीच हजारांमागे एक बालक आढळले. पुढे देशभरात झालेल्या पाहणीत हे प्रमाण हजारामागे एकाच्या आसपास, म्हणजे अधिकच निघाले. टाचेतून घेतलेले रक्ताचे दोन-चार थेंब यास पुरतात. प्रसूती नाशिकला असो वा देवळालीत, बाळ घरी नेण्यापूर्वी ही तपासणी झाली का, एवढा प्रश्न आजीने विचारावा. छठीच्या तयारीत तो राहून जाऊ नये.

शेवटचा मुद्दा साधू-साध्वीजींचा आहे. विहारात रोज दहा-पंधरा किलोमीटर चालणाऱ्या साध्वीजींना थकवा आला, तर तो विहाराचाच मानला जातो, आणि त्या स्वतः काही मागणार नाहीत. वैयावच्चाचा लाभ घेणाऱ्यांनी गोचरी इतक्याच आपुलकीने त्यांच्या तपासणीचाही विचार करावा. औषधाचा संग्रह जवळ ठेवण्यास त्यांना मर्यादा आहेत. म्हणून गोळी ज्या गावी मुक्काम असेल तेथील श्रावकाने रोज सकाळी नवकारशीनंतर वहोरावी लागते आणि चहा-दुधाची गोचरी तासाने व्हावी लागते. गाव बदलले की हा क्रम तुटतो. देवळालीहून विहार सिन्नरकडे व्हायचा असो वा घोटी-इगतपुरीकडे, प्रत्येक साध्वीजींच्या मात्रेचा, शेवटच्या टी.एस.एच.चा आणि पुढील तपासणीच्या तारखेचा कागद विहारात सोबत असणाऱ्या श्रावकांकडे द्यावा, आणि पुढच्या संघाला आदल्या संध्याकाळी दूरध्वनी करून गोळीचे नाव व मात्रा कळवावी.